पणजी ते लिस्बन: अंतर ८,३२० किलोमीटर, पण तास किती?

लिस्बनला किंवा लंडनला जायला किती तास लागतात, हा प्रश्न गोव्यात घरोघरी निघतो. कुणाची मुलगी इंग्लंडमधल्या स्विंडनला, कुणाचा भाऊ पोर्तुगालमध्ये, तर कुणी तारवटी बोट धरायला युरोपातल्या बंदरावर निघालेला. फोनवर शोधलं की अंतर मिळतं, वेळही मिळते, पण दोघांचा मेळ बसत नाही. गोवा ते लिस्बन अंतर ८,३२० किलोमीटर. विमानाच्या ताशी ९०० किलोमीटर वेगाने भागलं तर येतात सव्वानऊ तास. तिकिटावर सुटण्याची आणि पोहोचण्याची वेळ बघून वजाबाकी केली तर साडेआठ तास निघतात. आणि मडगावच्या घराला कुलूप लावल्यापासून लिस्बनच्या खोलीत बॅग टेकवेपर्यंत मोजलं तर वीस-एकवीस तास होतात. तिन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत. फक्त प्रत्येक आकडा वेगळी गोष्ट मोजतो.

आधी अंतर. हे कसं काढतात ते एकदा हाताने करून पाहिलं की पुढचं सगळं सोपं जातं. साधं सायंटिफिक कॅल्क्युलेटर पुरे.

दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश घ्यायचे. मोपा, म्हणजे गोव्यातला नवा विमानतळ: १५.७४ उत्तर, ७३.८६ पूर्व. लिस्बन: ३८.७७ उत्तर, ९.१३ पश्चिम. आता दोन रेखांशांमधला फरक काढायचा. इथेच बहुतेकांची चूक होते. लिस्बन ग्रीनिचच्या पश्चिमेला आहे, म्हणून त्याचा रेखांश उणे धरायचा. फरक म्हणजे ७३.८६ अधिक ९.१३, म्हणजे ८२.९९ अंश.

मग पहिला गुणाकार: दोन्ही अक्षांशांचे साइन. ०.२७१३ गुणिले ०.६२६२ म्हणजे ०.१६९९. दुसरा गुणाकार: दोन्ही अक्षांशांचे कोसाइन आणि रेखांशांच्या फरकाचा कोसाइन. ०.९६२५ गुणिले ०.७७९७ गुणिले ०.१२२० म्हणजे ०.०९१६. बेरीज ०.२६१५. कॅल्क्युलेटरवर तिचा उलटा कोसाइन काढला की येतो ७४.८४ अंश. पृथ्वीच्या मध्याशी या दोन गावांमध्ये एवढा कोन आहे. पृष्ठभागावर एक अंश म्हणजे १११.२ किलोमीटर, तेव्हा ७४.८४ गुणिले १११.२ म्हणजे सुमारे ८,३२० किलोमीटर.

उणे चिन्ह विसरून ७३.८६ मधून ९.१३ वजा केलं तर उत्तर येतं सुमारे ६,७४० किलोमीटर. जवळजवळ १,६०० किलोमीटर हवेतच विरतात. उत्तर अगदीच भलतं आलं, तर कॅल्क्युलेटर अंशांऐवजी रेडियनवर आहे का ते बघा. आणखी एक घोटाळा मैलांचा. वैमानिक नॉटिकल मैल वापरतात आणि एक नॉटिकल मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. जमिनीवरचा मैल १.६०९ किलोमीटरचा. त्यामुळे हेच अंतर एका ठिकाणी ४,४९२ दिसतं, दुसरीकडे ५,१७१ आणि तिसरीकडे ८,३२०. आकड्यापुढे एकक काय लिहिलंय ते वाचल्याशिवाय तुलना करू नये. पंचवीस-पन्नास किलोमीटरचा फरक मात्र मनावर घेऊ नका. कुणी दाबोळीच्या जुन्या विमानतळापासून मोजतं, कुणी मोपापासून, तर कुणी पणजी शहरापासून.

सरळ रेषा कुठून जाते

या हिशेबातून निघणारी रेषा म्हणजे बृहद्वृत्ताचा तुकडा, गोल पृष्ठभागावरचा सर्वांत जवळचा रस्ता. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून काढलेली रेघ ही नव्हे. चतुर्थीला माटोळीला बांधतात तसं मोठं पपनस घ्या. त्यावर दोन टाचण्या टोचून मध्ये दोरा ताणून धरा. दोरा आपोआप जिथे बसतो तो बृहद्वृत्ताचा मार्ग. आता फळावर अक्षांश-रेखांशांच्या रेघा आहेत असं समजून बघा. दोरा वर ध्रुवाच्या बाजूला कललेला दिसेल.

मोपा ते लंडनचं गॅटविक हे उदाहरण घेऊ. नेहमीच्या सपाट नकाशावर पट्टी ठेवली तर रेघ ओमान, कुवेत, सीरिया, तुर्कस्तान अशी जाते. गोलावरचा दोरा मात्र अरबी समुद्र ओलांडून बलुचिस्तानच्या मकरान किनाऱ्यावर चढतो. पुढे इराण लांबलचक कापतो, येरेवानच्या जवळून काळ्या समुद्रावर येतो, क्रिमिया आणि युक्रेनवरून मध्य युरोपात शिरतो. लांबी सुमारे ७,५५० किलोमीटर. पट्टीच्या रेघेपेक्षा जवळजवळ २०० किलोमीटर कमी.

आता या दोऱ्यावरची गावं पुन्हा वाचा. युक्रेनचं आकाश २४ फेब्रुवारी २०२२ पासून नागरी विमानांना बंद झालं. पाकिस्तानने एप्रिल २०२५ मध्ये आपली हवाई हद्द भारतीय विमान कंपन्यांना बंद केली आणि ही बंदी पुढे महिन्यामहिन्याने वाढवत नेली. इराणचं आकाश जून २०२५ मध्ये काही दिवस पूर्ण बंद होतं, आणि त्याआधी-नंतरही तणाव वाढला की अनेक कंपन्या ते टाळतात. सर्वांत जवळच्या रेषेवरच्या तीन मोठ्या तुकड्यांना असं कधी ना कधी कुलूप लागलं आहे. म्हणून प्रत्यक्षातला मार्ग अरबस्तानावरून किंवा तुर्कस्तानावरून वळसा घेतो, आणि दर ७०-७५ किलोमीटरच्या वळशाला पाच मिनिटं वाढतात. नकाशावरचं अंतर वर्षानुवर्षं तेच राहतं, पण प्रवासाचा वेळ एका रात्रीत बदलू शकतो, तो यामुळे. पाकिस्तानची बंदी भारतीय कंपन्यांपुरती आहे हेही ध्यानात ठेवा. आखाती कंपनीच्या विमानाला ती लागू नाही, त्यामुळे एकाच गावाला जाणाऱ्या दोन कंपन्यांच्या वेळा वेगळ्या असू शकतात.

गोव्याहून लिस्बनला थेट विमान नाही, कुठेतरी बदलावं लागतंच. त्यात एक सुखद गोष्ट अशी की दोहा मोपा-लिस्बनच्या दोऱ्यावर जवळजवळ नेमका बसतो. मोपा-दोहा सुमारे २,५४५ किलोमीटर, दोहा-लिस्बन सुमारे ५,८१०. बेरीज ८,३५५. म्हणजे उतरून, विमान बदलूनही अंतरात वाढ अवघी ३५ किलोमीटरची, मडगावहून पणजीला जाण्याइतकी. तेच दिल्लीमार्गे गेलात तर मोपा-दिल्ली सुमारे १,४६५ आणि दिल्ली-लिस्बन ७,७६५ मिळून ९,२३० किलोमीटर होतात, ९०० किलोमीटर जास्त. आधी उत्तरेला चढायचं, मग पश्चिमेला वळायचं. तिकीट स्वस्त मिळालं तर जरूर घ्या, पण तास-दीड तास उडण्यातच वाढणार हे धरून.

किलोमीटरचे तास कसे होतात

लांब पल्ल्याचं आधुनिक विमान ध्वनीच्या वेगाच्या ०.८५ पट वेगाने जातं. ११ किलोमीटर उंचीवर तापमान उणे ५५ अंशांच्या आसपास असतं आणि थंड हवेत ध्वनी सावकाश जातो, सेकंदाला सुमारे २९५ मीटर. त्याचे ०.८५ पट म्हणजे ताशी ९०० किलोमीटर. हा वेग आजूबाजूच्या हवेच्या तुलनेत. पण ती हवाही वाहत असते, आणि आपल्याला जायचंय ते जमिनीवरच्या एका गावाहून दुसऱ्या गावाला.

उत्तर गोलार्धात या उंचीवर वारा बहुतेक पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. त्यातला सर्वांत जोरकस पट्टा म्हणजे जेट स्ट्रीम. हिवाळ्यात तो दक्षिणेला सरकतो आणि उत्तर भारत, इराण या भागांवरून जोरात वाहतो. युरोपला जाताना हा वारा छातीवर घ्यावा लागतो, येताना पाठीवर. दोहा-लिस्बन तुकड्यावर सरासरी ताशी ८० किलोमीटरचा वारा धरू. जाताना जमिनीवरचा वेग ८२०, म्हणजे ५,८१० किलोमीटरला सात तास पाच मिनिटं. येताना वेग ९८०, पाच तास पंचावन्न मिनिटं. त्याच रस्त्याला सत्तर मिनिटांचा फरक! तिकिटावर परतीचा प्रवास लहान दिसला तर छपाईची चूक समजू नका. पृथ्वी फिरते म्हणून असं होतं, असं सांगणारेही भेटतात. ते खरं नाही, कारण हवा पृथ्वीबरोबरच फिरते. फरक पडतो तो वाऱ्याने.

यात चढण्या-उतरण्याचा वेळ मिळवायचा. विमान पहिली वीस-पंचवीस मिनिटं चढत असतं, शेवटची तितकीच उतरत असतं, आणि तेव्हा वेग बराच कमी असतो. शिवाय धावपट्टीपर्यंत जाणं, रांगेत थांबणं, उतरल्यावर जागेवर येणं. घरी अंदाज काढायचा तर अंतराला ८५० ने भागा आणि त्यात चाळीस मिनिटं मिळवा. मोपा-दोहाला हा हिशेब तीन तास चाळीस मिनिटं देतो. वेळापत्रकात पश्चिमेला जाताना त्याहून पंधरा-वीस मिनिटं जास्त दिसतील. ती वाऱ्यासाठी आणि उशिरासाठी राखून ठेवलेली असतात. म्हणूनच अर्धा तास उशिरा सुटलेलं विमान कित्येकदा वेळेवर टेकतं.

तिकिटावरच्या वेळेचा नेमका अर्थही माहीत असावा. सुटण्याची वेळ म्हणजे विमान आपल्या जागेवरून हलण्याची वेळ, हवेत झेपावण्याची नव्हे. पोहोचण्याची वेळ म्हणजे पलीकडे जागेवर उभं राहण्याची. या दोन क्षणांमधल्या वेळेला ब्लॉक टाइम म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण तुमची भरपाई त्यावर ठरते. भारतीय नियमांत, कंपनीने पुरेसं आधी न कळवता विमान रद्द केलं आणि पर्यायही दिला नाही, तर ब्लॉक टाइम एक तासापर्यंत असल्यास ५,००० रुपये, एक ते दोन तासांना ७,५०० आणि दोन तासांवर १०,००० रुपये अशी कमाल भरपाई आहे. मूळ भाडं आणि इंधन आकार मिळून यापेक्षा कमी होत असतील तर तेवढेच मिळतात. पूर, वादळ, आकाश बंद होणं असं काही कंपनीच्या हाताबाहेरचं असेल तर हा हक्क लागू होत नाही. युरोपीय संघाचा २००४ चा २६१ क्रमांकाचा नियम मात्र वेळ बघत नाही, अंतर बघतो. १,५०० किलोमीटरपर्यंत २५० युरो, लांबच्या म्हणजे संघाबाहेरच्या ३,५०० किलोमीटरवरच्या प्रवासाला ६०० युरो. आणि ते अंतर बृहद्वृत्तानेच मोजायचं असं नियमातच लिहिलंय. लिस्बनहून सुटणारं विमान कोणत्याही देशाच्या कंपनीचं असो, या नियमात बसतं. गोव्याहून जाताना मात्र कंपनी युरोपीय असेल तरच. परतीच्या प्रवासात बोर्डिंग पास टाकून न देण्याला हे एक चांगलं कारण आहे.

घड्याळ

आता तिकीट समोर धरू. समजा जानेवारीत मोपाहून पहाटे ४:३० ला सुटून दोह्याला सकाळी ६:०० ला पोहोच. दोह्याहून ८:१५ ला सुटून लिस्बनला १३:०५. प्रत्येक वेळ त्या त्या गावच्या घड्याळाची असते. वरवर पाहता मोपा-दोहा दीड तासाचा वाटतो. पण दोहा आपल्या अडीच तास मागे आहे, म्हणून दीड अधिक अडीच, चार तास. दोह्यात सव्वादोन तासांचा थांबा. लिस्बन दोह्याच्या तीन तास मागे, म्हणून चार तास पन्नास मिनिटं अधिक तीन, सात तास पन्नास मिनिटं. एकूण चौदा तास पाच मिनिटं. ताळा करायचा असेल तर पहिली आणि शेवटची वेळ घ्या. ४:३० ते १३:०५ म्हणजे आठ तास पस्तीस मिनिटं, त्यात भारत-लिस्बन फरक साडेपाच तास मिळवला की तेच चौदा तास पाच मिनिटं. पश्चिमेला जाताना फरक मिळवायचा, पूर्वेला येताना वजा करायचा.

हा फरक वर्षभर सारखा नसतो. लिस्बन आणि लंडन या दोन्ही गावांची घड्याळं एकच, आणि दोन्हीकडे मार्चच्या शेवटच्या रविवारी काटे एक तास पुढे करतात, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे. २०२६ साली हे रविवार २९ मार्च आणि २५ ऑक्टोबर. या मधल्या काळात आपला फरक साडेचार तासांचा, बाकीच्या महिन्यांत साडेपाच. आपल्याकडे आणि दोह्यात काटे हलत नाहीत. विमानांची उन्हाळी आणि हिवाळी वेळापत्रकंही याच दोन रविवारी बदलतात, त्यामुळे ऑक्टोबरात काढलेल्या एप्रिलच्या तिकिटाची वेळ मध्येच सरकली तर आश्चर्य वाटू देऊ नका. ईमेल उघडून नवी वेळ बघा, विशेषतः मधला थांबा किती उरला ते.

तारखेची चूक सर्वांत महाग पडते. गोव्याहून आखाताकडे जाणारी विमानं बरेचदा मध्यरात्रीनंतर, पहाटे सुटतात. तिकिटावर १५ तारीख, ४:३० लिहिलं असेल तर तुम्ही १४ तारखेच्या रात्रीच, दीडच्या आत विमानतळावर हवं, आणि मडगावहून त्यासाठी साडेअकराला निघायला हवं. १५ ला रात्री जेवून-बिवून निघालेल्या माणसाचं विमान तोपर्यंत सुटून एकोणीस तास उलटून गेलेले असतात. घरातल्या कॅलेंडरवर १४ तारखेच्या चौकोनात "रात्री निघणे" असं लिहा. १५ च्या चौकोनात काही लिहू नका.

याच जातीची दुसरी चूक विमानतळाची. गोव्यात आता दोन विमानतळ आहेत. दाबोळीचा, नौदलाच्या तळावरचा, ज्याचा कोड जीओआय. आणि पेडण्यातल्या मोपाच्या सड्यावरचा, जिथून ५ जानेवारी २०२३ पासून प्रवासी विमानं सुटू लागली, त्याचा कोड जीओएक्स. कागदावर दोन्हीकडे "गोवा" लिहिलेलं असतं, फरक असतो शेवटच्या अक्षरात. सरळ रेषेत ते चाळीसेक किलोमीटरवर आहेत, रस्त्याने दीडपट, आणि मध्ये झुवारी व मांडवी दोन्ही नद्या. चुकीच्या विमानतळावर उतरलेल्या माणसाला शेवटच्या तासात दुसरीकडे पोहोचणं जमत नाही. कोड बघितल्याशिवाय टॅक्सी ठरवू नका. काणकोणहून मोपा म्हणजे शंभरेक किलोमीटर, तेव्हा तिथल्यांनी तर आणखी एक तास हाताशी ठेवावा, पावसाळ्यात दीड.

आता दारापासून दारापर्यंत. मडगाव ते मोपा पावणेदोन तास. विमानतळावर तीन तास, कारण सामान घेण्याचा काउंटर आंतरराष्ट्रीय विमानाला साधारण एक तास आधी बंद होतो आणि त्यानंतर कितीही विनवण्या केल्या तरी उपयोग होत नाही. विमानं आणि थांबा मिळून चौदा तास पाच मिनिटं. लिस्बनला पासपोर्टच्या रांगेत आणि सामानाला दीड तास धरा. शेंगेन देशांनी, म्हणजे एकच व्हिसा चालणाऱ्या युरोपीय देशांनी, १२ ऑक्टोबर २०२५ पासून बाहेरच्या प्रवाशांचे बोटांचे ठसे आणि फोटो घेणारी नवी नोंद टप्प्याटप्प्याने सुरू केली, पहिल्या खेपेला तिला वेळ जातो. पोर्तुगीज पासपोर्ट असलेल्या गोंयकाराला ही नोंद नाही. मेट्रोची लाल मार्गिका विमानतळातूनच सुटते, शहरात पोहोचायला अर्धा तास. बेरीज वीस तास पन्नास मिनिटं.

मधल्या थांब्याला दोन तासांपेक्षा कमी वेळ घेऊ नये असं आमचं मत आहे, आणि दोन्ही विमानं एकाच बुकिंगवर असावीत यावर तर तडजोडच नको. एकच बुकिंग असेल आणि पहिलं विमान उशिरा आलं तर पुढच्या विमानात बसवण्याची जबाबदारी कंपनीची. दोन वेगळी तिकिटं असतील तर दुसरं विमान चुकलं की ते तिकीट गेलं, सामानही स्वतः उचलून पुन्हा द्यावं लागतं, आणि त्यासाठी मधल्या देशात शिरायला व्हिसा लागू शकतो. परतताना मुंबई-दिल्लीमार्गे गोव्याला येणार असाल, तर बहुतेक वेळा भारतातल्या पहिल्या विमानतळावरच सामान घेऊन कस्टममधून जावं लागतं. तिथे तीन तासांचा थांबा हवाच.

रोज ठरावीक अंतराने औषध घेणाऱ्यांनी, खास करून इन्सुलिन घेणाऱ्यांनी, गावातल्या घड्याळावर जाऊ नये. जाताना दिवस साडेपाच तासांनी लांबतो, येताना तेवढाच आखूड होतो. निघण्याआधी डॉक्टरांकडून डोसच्या वेळा भारतीय वेळेत लिहून घ्याव्यात, हातातलं एक घड्याळ पोहोचेपर्यंत भारताचंच ठेवावं, आणि औषध हातातल्या पिशवीत, सामानात नव्हे.

परतीचं तिकीट असं असेल: लिस्बनहून २० तारखेला १५:३०, दोह्याला १:२०, दोह्याहून ३:२०, मोपाला ९:२५. शेवटच्या तिन्ही वेळांपुढे बारीक अक्षरात अधिक एक छापलेलं असतं, म्हणजे दुसरा दिवस. घड्याळ सतरा तास पंचावन्न मिनिटं दाखवतं, त्यातून साडेपाच वजा केले की खरा प्रवास बारा तास पंचवीस मिनिटांचा, जाण्यापेक्षा एक तास चाळीस मिनिटं कमी. न्यायला येणाऱ्याला तारीख २१ सांगा, मोपा सांगा, आणि सव्वादहाला बाहेर उभा राहा म्हणून सांगा. पासपोर्ट आणि सामानात पाऊण तास जातोच.